सहाव्या नंबरचं काय?

विम्बल्डनची फायनल असली की आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसायला जागा मिळत नाही. ज्याने आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नाही तोही त्या रात्री एक्स्पर्ट असतो. आणि मॅच संपली तरी वाद संपत नाही. सगळ्यात मोठा कोण? फेडररवाले म्हणतात, आठ विम्बल्डन आणि एकूण २० ग्रँड स्लॅम, तेसुद्धा इतक्या देखण्या खेळाने! नदालवाले २२ चा आकडा सांगतात आणि त्यातल्या १४ फ्रेंच ओपन वेगळ्या मोजून दाखवतात. जोकोविचवाल्यांना फार बोलावंच लागत नाही. २०२३ च्या अमेरिकन ओपननंतर त्याच्या नावावर २४ जमा झाले आणि नंबर एकवर तो ४२८ आठवडे राहिला. "आकडे खोटं बोलत नाहीत लेका," असं म्हणून आमचा फायनल इयरचा एक मित्र दर वेळी चर्चा बंद करतो.

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले. आकडा आला की आपण मान डोलावतो. पण आकड्याखाली छेद काय आहे हे विचारायलाही आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. रॉड लेव्हरच्या नावावर फक्त ११ ग्रँड स्लॅम आहेत. २४ पुढे ११ म्हणजे निम्म्याहून कमी. पण लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही जिंकल्या आणि त्यानंतर तो व्यावसायिक झाला. त्या काळी व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांत प्रवेश नव्हता. म्हणजे १९६३ ते १९६७ अशी ऐन उमेदीची पाच वर्षं तो दाराबाहेर होता. १९६८ साली दार उघडलं आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या! आता सांगा, ११ हा आकडा खोटा नाही, पण तो पूर्ण खरा तरी आहे का?

हे सगळं टीव्ही रूमपुरतंच राहिलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण मागच्या सेमिस्टरला जिमखाना कमिटीच्या बैठकीला वर्गप्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. खेळाडूंच्या खुराकाचे आणि बुटांचे पैसे कुणाला द्यायचे यावर चर्चा होती. पंधरा मिनिटांत निर्णय झाला: ज्यांनी मेडल आणलं त्यांनाच. माझा रूम पार्टनर माण तालुक्यातला. कोरडवाहू शेती, दोन भावंडं शिकतायत. तो पाच किलोमीटर पळतो. विभागीय स्पर्धेत सातवा आला. त्याच्या नावापुढे लाल पेनने रेघ मारलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. कुणी वाईट हेतूने मारली नव्हती. यादीत "स्थान" नावाचा रकाना होता आणि त्यात ७ लिहिलेलं होतं, एवढंच.

त्या रात्री तो काही बोलला नाही. मलाच झोप येईना. मी कराडकडचा. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून आम्ही एकच वाक्य ऐकत आलो, "स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आपल्या खाशाबांनी मिळवून दिलं." हेलसिंकी, १९५२, कुस्ती, बँटमवेट गट, ब्राँझ. हे पाठ आहे. पण त्याआधीचं वाक्य आम्हाला कुणी पाठ करायला लावलं नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा फ्लायवेट गटात खेळले होते आणि सहावे आले होते. तांबड्या मातीत घडलेला पैलवान, मॅटचा सराव नाही, आणि तरी जगात सहावा!

आता कल्पना करा की त्यांचं नाव आपल्या कमिटीपुढे आलं असतं. "स्थान" रकान्यात ६. लाल रेघ. विषय संपला.

तेव्हाही सरकारी पैसा सहज मिळाला नव्हताच. हेलसिंकीला जायला लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पदक घेऊन आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि नंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडले. मिरवणुकीचं कौतुक आपण करतोच. पण मला खरं मोठेपण वाटतं ते खर्डेकर सरांचं. मेडल मिळाल्यावर हार घालायला अख्खा गाव येतो. सहाव्या नंबरवर घर गहाण टाकणारा एखादाच.

आता इथलं, सांगलीचं उदाहरण घ्या. नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीत जन्मले. बॅडमिंटनपटू म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण ते आधी टेनिस खेळायचे हे किती जणांना माहीत आहे? कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोहोचले आणि तिथे रामनाथन कृष्णनकडून हरले. हाच कृष्णन पुढे १९६० आणि १९६१ अशा लागोपाठ दोन वर्षी विम्बल्डनच्या सेमी फायनलला गेला. टेनिसच्या वहीत नाटेकरांची नोंद काय? उपविजेता. पण त्यांनी खेळ बदलला, खेळणं सोडलं नाही. १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगर इंटरनॅशनल जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. राष्ट्रीय एकेरी सहा वेळा जिंकली. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. आणि टेनिसचं ते अर्धवट राहिलेलं काम मुलाने पुरं केलं म्हणा. गौरव नाटेकर टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला.

याच पेसने दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटाला ब्राँझ जिंकलं. सेमी फायनलला अगासीकडून हरला, नंतर ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट घालवून सामना काढला. हे भारताचं दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पहिलं खाशाबांचं. मधे किती वर्षं गेली? ४४! पोरांमध्ये दम नव्हता असं नाही. ४४ वर्षांत किती सहावे, सातवे, दहावे घरी परत गेले असतील आणि त्यातल्या कितींना दुसरी संधी मिळाली असेल, याचा हिशोब मात्र कुठल्याच रेकॉर्ड बुकात नाही.

आणखी एक टेनिसचंच उदाहरण देतो. गोरान इव्हानिसेविच १९९२, १९९४ आणि १९९८ अशा तीन विम्बल्डन फायनल हरला. २००१ मध्ये तो जागतिक क्रमवारीत १२५ वा होता, म्हणजे थेट प्रवेशसुद्धा नाही. आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिलं आणि पठ्ठ्याने विम्बल्डन जिंकलं. आपल्या फेडररचंच बघा ना. २००३ ला पहिलं विम्बल्डन जिंकण्याआधीच्या वर्षी तो तिथे पहिल्याच फेरीत गारद झाला होता. २०२४ मध्ये एका पदवीदान समारंभात त्याने स्वतःच सांगितलं की कारकिर्दीत त्याने जवळजवळ ८० टक्के सामने जिंकले, पण गुण मात्र फक्त ५४ टक्के. जगातल्या थोर खेळाडूनेही जवळपास निम्मे गुण घालवलेत! आणि आपण एका सातव्या नंबरवर पोराचा कायमचा निकाल लावतो.

स्पोर्ट्सच्या सरांशी मी यावर बोललो. ते म्हणाले, "तुझं पटतंय रे, पण पैसे मोजके. सगळ्यांना कुठून देऊ? आणि हरणारा प्रत्येक जण खाशाबा असतो का?" सरांचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक सातवा खाशाबा होत नाही, हे मलाही कळतं. पण खाशाबा मात्र आधी सहावे होते, हेही तितकंच खरं. मग निवडायचं कसं?

याचं उत्तर आपल्याच अभ्यासात आहे. ग्राफवरचा एकच बिंदू बघून आपण निष्कर्ष काढत नाही, चढ बघतो. माझा पार्टनर पहिल्या वर्षी पाच किलोमीटरला १८ मिनिटं ४० सेकंद घ्यायचा. विभागीयला त्याने १७ मिनिटं ५ सेकंद लावले. तेही मेसच्या जेवणावर आणि तळ झिजलेल्या बुटांवर. हा चढ त्या रकान्यात दिसत नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. जिमखान्यात प्रत्येक खेळाडूची एक वही ठेवा. दर महिन्याला वेळ, वजन, अंतर, जे असेल ते लिहा. निधीतला अर्धा भाग मेडलवाल्यांना द्या, त्यांचा तो हक्कच आहे. उरलेला अर्धा ज्याच्या वहीत सुधारणा दिसते त्याला द्या. जास्तीचा एक रुपयाही लागणार नाही, एक वही लागेल.

माण तालुक्याचंच सांगायचं तर मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला गेली आणि दहावी आली. त्या दिवशी आमच्याकडे कुणी "दहावी" म्हणून नाक मुरडलं नाही. सगळा जिल्हा टीव्हीपुढे होता. म्हणजे आकड्यापलीकडे बघायची अक्कल आपल्याला आहे. ती फक्त कमिटीच्या टेबलावर बसलं की जाते.

पुढच्या महिन्यात जिमखान्याची बैठक परत आहे. मी ही सूचना लेखी देणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी खाली सही करावी, ज्यांना पटणार नाही त्यांनी टीव्ही रूममध्ये येऊन भांडावं. आणि ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी उद्या पहाटे पाच वाजता होस्टेलच्या गेटवर यावं. माझा पार्टनर अजून पळतोय. येताना घड्याळ तेवढं घेऊन या.