बोंडअळीला ‘सवय’ लागत नाही

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. उर्दूत आम्ही त्याला इर्तिका म्हणतो. आमच्या जुने शहरात हा धडा आला की एखादा पालक गाठून हळूच सांगतो, “सर, वो बंदरवाला सबक रहने दो.” २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या नव्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ राहिलं. कारण दिलं होतं अभ्यासाचा बोजा कमी करण्याचं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. पण पालकांपर्यंत पोचलं ते एवढंच, की सरकारनेच काढलं, मग तुम्ही का शिकवता?

धड्यात माणसावरचा भाग आहे, आणि त्यावरून घरात प्रश्न उठतात हे आम्ही नाकारत नाही. जीवशास्त्र आजच्या माकडाला आपला आजा म्हणत नाही, दोघांचे पूर्वज फार मागे एक होते असं म्हणतं. इमानाचा प्रश्न असेल तर आलिमांकडे जावं, आम्ही त्यांच्या जागी बसत नाही. पण त्या दोन पानांसाठी अख्खा धडा सोडला तर काय जातं, ते पाहायला अकोल्याबाहेर जायची गरज नाही. कपाशीचं वावर पुरे.

बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक तिच्यात घातलेलं, त्यामुळे पान-बोंड खाल्लं की अळी मरते. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. आणि २०१७ च्या हंगामात त्याच बीटीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, वऱ्हाडात वावरंच्या वावरं गेली. लोक म्हणाले, अळीला सवय लागली. आमची मुलं पेपरातही हेच लिहितात आणि मार्क घालवतात.

सवय कोणत्याच अळीला लागली नाही. लाखो अळ्यांत मोजक्या अशा होत्या की ज्यांना ते विष जन्मतःच बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, या उरल्या. उरलेल्यांचीच पिल्लं झाली, त्यांना तो गुण वारशात मिळाला, आणि काही वर्षांत वावरात त्यांचीच वस्ती झाली. एकही अळी बदलली नाही, अळ्यांची जमात बदलली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. जीवाश्म लाखो वर्षांचे असतात, हा पुरावा पंधरा वर्षांतला आहे.

गंमत म्हणजे त्याच कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून बऱ्यापैकी चालते. ती तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, म्हणून विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही शिल्लक राहतात. गुलाबी अळीला मात्र कपाशीशिवाय जवळजवळ दुसरं खाणंच नाही. त्यात आपण फरदड घेतो, मार्चपर्यंत कपाशी उभी, म्हणजे तिचं खाणंही चालू.

यासाठीच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची १२० ग्रॅमची पुडी द्यायचे. ती कडेने लावायची. तिच्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग उरलेल्या चिवट पतंगांशी जुळावेत. एकाच बाजूने आलेला चिवटपणा पिल्लांत सहसा उघड होत नाही, ती पिल्लं बीटी खाऊन मरतात. आनुवंशिकतेचा धडा आणि उत्क्रांतीचा धडा इथे एकच होतो, वेगळा काढता येत नाही.

गेल्या खेपेला ‘बंदरवाला सबक’ म्हणणारे चाचा स्वतः बाळापूरकडे कपाशी करतात. त्यांना आम्ही हे सगळं त्यांच्याच मुलीच्या वहीवर काढून दाखवलं. ते बराच वेळ वही पाहत राहिले. मग म्हणाले, “वो छोटी पुडी? वो तो हम हर साल बांध पे फेंक देते थे.”