म्हणे, हे शहरी खूळ!

समलिंगी विवाहाचा प्रश्न २०२३ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सुनावणीस आला, त्या वेळी केंद्र सरकारने असे प्रतिपादन केले होते की, ही मागणी शहरी उच्चभ्रूंच्या दृष्टीची द्योतक आहे, आणि कायदे करणाऱ्यांस खेड्यापाड्यांतील जनतेचेही मत पाहावे लागते. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी त्याच वर्षी १७ ऑक्टोबरच्या आपल्या निकालपत्रात हा मुद्दा खोडून काढला. परंतु न्यायालयात खोडलेला मुद्दा दिवाणखान्यात खोडला जातोच असे नाही. सुशिक्षितांच्या बैठकीत आणि आम्हां प्राध्यापकांच्या चहापानात तो अद्याप जसाच्या तसा वाढला जातो, आणि ‘आपल्या खेड्यांत कुठे असलं काही असतं?’ या प्रश्नावर सगळ्यांच्या माना डोलतात. या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो; कारण मी खेड्यातला आहे आणि मी समलिंगी आहे.

आधी एक कबुली देतो. आज मला पाहिल्यास सरकारच्या मनातील चित्र हुबेहूब मीच आहे असे कोणीही म्हणेल. इंग्रजीचा प्राध्यापक, वय पन्नाशीपलीकडे, शहरात स्वतःची सदनिका, कपाटात शेक्सपिअर. पण मनुष्य काही पदवी घेऊन जन्मास येत नाही. माझा जन्म भोकरदन तालुक्यातील राजूरचा. तेव्हा आमचे गाव औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्हा निराळा झाला, त्या वेळी मी शाळेत होतो. पुढे चारपाच वर्षांनी मला जे माझ्याविषयी कळले, ते कळण्यापूर्वी मी इंग्रजी कादंबरी वाचली नव्हती, मुंबई पाहिली नव्हती, आणि या गोष्टीला नाव असते हेही मला ठाऊक नव्हते. ज्या मित्राविषयी ते कळले, त्याच्या घरी दोन बैल आणि कपाशीचे कोरडवाहू रान होते. आम्हां दोघांत उच्चभ्रू कोण, हे शोधूनही सापडले नसते.

राजूरचा गणपती मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. अंगारकीला जालन्याहून आणि आसपासच्या गावांतून माणसे रात्रभर पायी चालत येतात, आणि टेकडीवरील देवळाची रांग पहाटेपासून खाली उतरत जाते. त्या गर्दीत आम्ही दोघे हातात हात घालून हिंडत असू. आम्हांला कोणी कधी काही म्हटले नाही. नवपरिणीत जोडप्याने तसा हात धरला असता तर म्हाताऱ्यांनी डोळे वटारले असते. दोन पोरांनी धरला तर ती मैत्री. तेव्हा खेड्याला आमचे अस्तित्व खुपत नव्हते. खेड्याला खुपते ते नाव. नाव घेतले नाही तोवर सर्व काही चालते, आणि वेळ आली की लग्न लावून दिले जाते.

माझ्या मित्राचे तसेच झाले. एकविसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले, आणि त्या लग्नात मी अक्षता टाकल्या. मला शिक्षणाने एक पळवाट मिळाली होती. पुढील अभ्यास, नोकरी, बदली अशी कारणे सांगत मी लग्न टाळत गेलो. कोरडवाहू शेती करणाऱ्याला बदलीचे कारण सांगता येत नाही. त्याच्यावर अन्याय झाला असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. त्याच्या पत्नीवर त्याहून मोठा अन्याय झाला, हे ध्यानात यायला मला फार उशीर लागला. तिला कोणी काही विचारले नव्हते, आणि ज्या दोघांना ठाऊक होते त्यांपैकी एक मी असून गप्प बसलो. खेड्यांत ‘असलं काही’ नसते असे म्हणणाऱ्यांनी, ते नसल्याचा देखावा उभा राहावा म्हणून कोणाच्या मुली खर्ची पडतात याचाही एकदा हिशेब करावा.

हे सारे पाश्चात्त्यांकडून आले, असा दुसरा आक्षेप असतो. राजूरहून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, काही फार दूर नाही. तेथे अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी नावाचा मोठा उर्दू कवी होऊन गेला. एका तरुणावरील आपल्या प्रेमाची कहाणी त्याने ‘बोस्ताने-खयाल’ या मसनवीत सांगितली आहे. या प्रेमाला गुन्हा ठरविणारे ३७७ वे कलम इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून आले, ते सिराजच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. पश्चिमेकडून आपल्याकडे जे आले ते हे कलम होय, आणि ते आपण २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत जिवापाड जपले. २०१३ साली तर सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून त्यात पुन्हा प्राण फुंकला होता.

मराठी मासिकांनाही हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’त वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना उघड उत्तरे छापली जात. त्यावरून १९३४ साली कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणारे ते वाचक होतेच ना!

धर्माभिमानी मंडळींशी माझे भांडण नाही. मी स्वतः चतुर्थी करतो. मात्र त्यांच्या युक्तिवादाची कधीकधी मौज वाटते. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी, असे लोक आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असे सांगून जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला दिला. उद्गार उदार होते, हे मी मान्य करतो. पण सभापर्वातील ती कथा वाचणाऱ्याला ठाऊक असते की, हंस मेल्याची खोटी वार्ता ऐकून डिंभकाने यमुनेत उडी घेतली, आणि ते कळताच हंसानेही तोच मार्ग धरला. आमच्यासाठी पुराणातून जोडी शोधून काढली, तीही बुडालेली! पुढे दोन महिन्यांनी त्याच संघाचे सरकार्यवाह म्हणाले की विवाह हा संस्कार असून तो स्त्रीपुरुषांचाच. आता ज्या दैवताच्या पायरीवर मी वाढलो, त्याला पार्वतीने एकटीने आपल्या अंगाच्या मळापासून घडविले. संस्काराच्या व्याख्येत ते कुटुंब तरी कसे बसवावयाचे?

राजकारणाविषयी थोडक्यात. २०२० साली राष्ट्रवादी काँग्रेसने आमच्यासाठी वेगळा कक्ष उघडला. चांगले झाले. पण आमच्याकडील कोणी आमदार गावातल्या सभेत हा शब्द उच्चारील, तेव्हा मी त्याला राजकारण म्हणेन.

आणि शहर? शहराने मला स्वीकारले असा समज कोणी करून घेऊ नये. शहराने मला ओळखले नाही, एवढेच त्याचे उपकार. एकट्या पुरुषाला खोली नाही म्हणणारे घरमालक मला शहरातच भेटले. उलट २०१७ च्या अखेरीस एका समलिंगी जोडप्याने लग्नसमारंभ केला तो यवतमाळात, आणि त्यानंतर काही वऱ्हाड बुडाले नाही.

२०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क पाचही न्यायाधीशांनी नाकारला. जोडीदार म्हणून तरी नाते मान्य करावे की नाही, यावर तीन विरुद्ध दोन मते पडून तेही गेले. हाती उरले ते असे की, २०२४ साली केंद्र सरकारने राज्यांस कळविले, एकत्र राहणाऱ्या अशा जोडीदारांस शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरावे. म्हणजे ज्यांना शहरी उच्चभ्रू म्हटले, त्यांना देऊ केले काय, तर रेशनचे धान्य! माझ्यासारख्या वेतनदाराला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग झालाच तर तो कोरडवाहू रानात राबणाऱ्या दोघांना. उद्या असे दोघे भोकरदनच्या तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभे राहिले, तर खिडकीमागच्या कारकुनाने त्यांच्यापुढे कोणता नमुना ठेवावयाचा, हे सरकारने आजच त्याला लेखी कळवून ठेवावे.