'नियम जी' आणि बडतर्फी

कामावर दारू नको, हे सांगणारा 'नियम जी' अमेरिकी रेल्वे कामगारांना तोंडपाठ असतो. तो मोडला की बडतर्फी, आणि मागोमाग युनियनची तक्रार. ती १९३४ च्या कायदादुरुस्तीने स्थापन झालेल्या राष्ट्रीय रेल्वे समायोजन मंडळापुढे जाऊ शकते; तिथे कंपन्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. कोंडी झाली की तटस्थ पंच. पुष्कळदा निकाल मधलाच लागतो: नोकरी परत, बुडालेला पगार नाही. दोन्ही पक्ष कुरकुरतात. आम्हाला मात्र तो रास्त वाटतो.

सक्ती हवीच. १९८७ साली मेरीलँडमधील चेस येथे रेल्वेच्या टकरीत १६ जणांचा बळी गेला. तिथे मालवाहू कंपनीच्या, डब्यांविना धावणाऱ्या इंजिनांच्या चालकाने गांजा ओढला होता, दारू नव्हे, पण धडा तोच. अपघातानंतरची नशेची चाचणी १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही वैध ठरवली. पण केवळ बडतर्फीचा धाक असला की सोबती एकमेकांना पाठीशी घालतात आणि झिंगलेला माणूस इंजिनावर चढतो. म्हणूनच स्वतःहून व्यसन कबूल करणाऱ्याला उपचार घेऊन नोकरी टिकवण्याची वाट तिथल्या संघीय नियमांनी ठेवली आहे. युनियनने पकडल्या गेलेल्यांचे खटले जरूर लढवावेत; पण त्याआधी सभासदांना या वाटेने पाठवण्याचा खटाटोप अधिक करावा.