गाडी स्वतः घासा, पण शेवटचा हात स्वतः मारू नका

इंग्लंडमधला हिवाळा संपला की तुमच्या गाडीच्या मागच्या चाकावरची कमान एकदा नीट बघा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे साचतं. मग रंगाला फोड येतो आणि नखाने खरवडलं की खालून गंज निघतो. बॉडीशॉपवाला तळहाताएवढ्या जागेचे काहीशे पौंड सांगतो. आपण ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "पुण्यात पाच हजार रुपयांत झालं असतं." दुसऱ्या उत्तरात यूट्यूबची लिंक येते, "घरीच कर, एका वीकेंडचं काम आहे."

ही दोन्ही उत्तरं मला अर्धीच पटतात. या कामाचा मोठा भाग तुम्ही घरी उत्तम करू शकता आणि जरूर करावा. पण शेवटचा चकचकीत थर, म्हणजे हार्डनर मिसळलेला टू-पॅक क्लिअर कोट, घरच्या गॅरेजमध्ये मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे असं का, ते समजायला आधी चकाकी कुठून येते ते पाहू.

पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत आला की आपल्याला आरसा दिसतो. तो चहूकडे विखुरला की पृष्ठभाग निस्तेज वाटतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि ओरखडे याहून बरेच लहान झाले की चकाकी येते. आता पॉलिशपेपरचे आकडे बघा. पी80 पेपरवरचा कण सुमारे 200 मायक्रॉनचा असतो, पी400 चा 35, पी800 चा 22 आणि पी2000 चा 10 मायक्रॉनचा. कण जेवढा मोठा, तेवढा ओरखडा खोल. म्हणून पुट्टी 80 ने घासून थेट 600 चा पेपर घेतला तर 80 चे ओरखडे जात नाहीत, त्यांच्या कडा फक्त गुळगुळीत होतात. ओला असताना प्रायमर छान दिसतो. वाळून आकसला की तेच ओरखडे पुन्हा वर येतात. 80, 180, 320, मग प्रायमरवर 600 किंवा 800 चा वॉटर पेपर असं पायरीपायरीने जाणं हा निव्वळ सोपस्कार नाही. प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे ओरखडे पुसायचे असतात.

इथे तुमच्या हाताला कमी लेखू नका. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला आणि अगदी सपाट, अशा दोन पृष्ठभागांतला फरक माणसाचं बोट ओळखू शकतं. म्हणून पेंटर डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतो. नुसत्या बोटांनी घासलं तर मात्र बोटांच्या जागी खड्डे पडतात, त्यामुळे पेपर रबरी ठोकळ्यावर गुंडाळा. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून मग घासा. जिथे काळं राहील तिथे खळगा आहे. पाणी लावून घासल्यास धूळही कमी उडते. तरी धुळीचा मास्क घालाच आणि गाडी फार जुनी असेल तर विशेष जपा, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

एवढं मन लावून केलंत तर सफाईदार फिनिशिंगचं बहुतांश काम झालं. ते वेळेचं आणि चिकाटीचं काम आहे. तुमचा शनिवार-रविवार फुकट असल्यामुळे इथे तुमचे पैसे खरोखर वाचतात.

आता फवारणी. स्प्रे गनमधून निघालेले थेंब पत्र्यावर पडून एकमेकांत मिसळले पाहिजेत. पृष्ठताण त्यांना सपाट करू बघतो आणि रंगाचा घट्टपणा त्याला विरोध करतो. थिनर हवेतच उडून गेला तर थेंब पसरण्याआधीच घट्ट होतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. थर जाड पडला तर रंग ओघळतो. हे सगळं सरावाने जमतं आणि चुकलं तर पी2000 ने घासून, कंपाउंड लावून सुधारता येतं. फवारणी अवघड आहे म्हणून मी तुम्हाला थांबवत नाहीये.

मुद्दा रसायनाचा आहे. साधा, वन-पॅक रंग मुख्यतः थिनर उडून वाळतो. टू-पॅकमध्ये रंग आणि हार्डनर यांची रासायनिक प्रक्रिया होऊन पॉलियुरेथेनचं घट्ट जाळं तयार होतं. म्हणूनच तो थर पेट्रोलला, उन्हाला आणि मिठाला दाद देत नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. नाव ऐकून भोपाळ आठवलं असेल. 1984 मध्ये तिथे गळलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुटुंबातला, पण तो अतिशय बाष्पनशील होता. गाडीच्या हार्डनरमधले आयसोसायनेट त्या मानाने जड असतात आणि सहजी हवेत उडत नाहीत. डबा उघडला म्हणून घाबरून पळायचं कारण नाही. पण स्प्रे गन नेमकं काय करते? जे आपणहून उडत नाही, त्याचे बारीक थेंब करून ते फुप्फुसात जाईल अशा रूपात हवेत सोडते.

आयसोसायनेटची खोड अशी की ते शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला चिथावू शकतात. एकदा ती चिथावली की पुढे अगदी सूक्ष्म मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि ही संवेदनशीलता बहुधा कायमची राहते. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेवरची सुरक्षितता पाहणाऱ्या एचएसई या सरकारी संस्थेच्या म्हणण्यानुसार, वाहनांवर फवारणी करणाऱ्या पेंटरना कामामुळे होणाऱ्या दम्याचा धोका इथल्या सरासरी कामगारापेक्षा सुमारे 80 पट असतो.

तुम्ही म्हणाल, "मी मास्क लावीन, वास आला की बाहेर येईन." इथेच आपली फसगत होते. नाकाला झोंबतो तो थिनर. आयसोसायनेट घातक पातळीला पोचले तरी त्यांचा वास येईलच असं नाही. म्हणून मास्कचं कार्ट्रिज निकामी झालं तरी नाक ते सांगणार नाही. त्यांचा बारीक फवारा साध्या उजेडात दिसतही नाही. यासाठीच व्यावसायिक पेंटरने बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरायचा असतो. फवारणी थांबल्यावरही बूथमधली हवा साफ होईपर्यंत तो काढायचा नसतो. थर कसा पडलाय हे बघायला क्षणभर काच वर करण्याचीही मुभा नाही. शिवाय वर्षातून निदान एकदा लघवीची तपासणी करून शरीरात काही गेलंय का ते पाहिलं जातं. तुमच्या गॅरेजची हवा किती मिनिटांत साफ होते, हे कोणी मोजलंय? आणि त्याचं दार स्वयंपाकघरात उघडत असेल तर?

"एका वीकेंडने काय होतंय?" हा प्रश्न रास्त आहे. बहुतेकांना काहीही होणार नाही. पण ज्याला होणार आहे त्याला ते आधी कळण्याचा मार्ग नाही, आणि एकदा झालं की मागे फिरता येत नाही. युरोपीय संघात 24 ऑगस्ट 2023 पासून डायआयसोसायनेट असलेली उत्पादनं व्यवसायात वापरण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं झालं. हौशी माणूस मात्र अशा नियमांच्या कक्षेत येतच नाही. "फक्त व्यावसायिकांसाठी" असं छापलेला टू-पॅकचा डबा ऑनलाइन मागवणाऱ्याला, हवा पुरवणारा मुखवटा आहे का, असं कोण विचारतं? हे डबे असे सर्रास विकले जाऊ नयेत असं मला वाटतं.

मग करायचं काय? घासणं, पुट्टी, प्रायमर स्वतः करा आणि शेवटचा हात बूथ असलेल्या बॉडीशॉपकडून मारून घ्या. दुसऱ्याने तयार केलेल्या पत्र्यावर रंग मारायला सगळे राजी नसतात, म्हणून काम सुरू करण्याआधीच विचारा. तेही नको असेल तर वन-पॅक लॅकर वापरा. तो तितका टिकाऊ नसतो, पण घासून आणि पॉलिश करून चमकतो. त्याचेही द्रावक घातक आणि ज्वलनशील असतात, म्हणून उघड्यावर, योग्य मास्क लावून, आगीपासून दूर काम करा.

आणि ग्रुपवर पुढच्या वेळी "पुण्यात पाच हजार" आलं की एक हिशेब जरूर करा. किमतीतला मोठा फरक मजुरीचा आणि जागेच्या भाड्याचा आहे, हे खरंच. पण इथल्या बिलात बूथ, गाळलेली हवा, तो मुखवटा आणि ती तपासणीही असते. तिकडे कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये तोंडाला रुमाल बांधून फवारणारा पोरगा तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या स्वस्त कामात या गोष्टींचे पैसे धरलेलेच नसतात. गावी गेल्यावर गाडी रंगवायला टाकाल, तेव्हा बूथ असलेलं वर्कशॉप शोधा आणि थोडे जास्त पैसे द्या. घासाघीस करायचीच असेल तर ती पॉलिशपेपरने करा.