घर निम्म्यात, घरपट्टी तिप्पट

स्वस्तात घर मिळतंय म्हटलं की आपली पोरं हुरळतात. त्यांचा दोष नाही. ज्याच्या आज्याला गावकुसाबाहेरचं छप्परसुद्धा दुसऱ्याच्या मेहेरबानीने मिळालं, त्याच्या हातात दोन खोल्यांची चावी पडली की आभाळ ठेंगणं होणारच. पिंपरी-चिंचवडच्या कडेकडेने फिरून बघा. थेरगाव, चिखली, दिघी, तळवडे. अर्ध्या गुंठ्यावर दोन खोल्या, खाली स्लॅब, वर पत्रा. एजंट म्हणतो, सोसायटीतल्या फ्लॅटच्या निम्म्यात सुटतंय भाऊ, आजच बयाणा टाक, उद्या दुसरं गिऱ्हाईक. पतपेढीचं कर्ज, फंडाचे पैसे, बायकोचं डोरलं, सगळं त्यात जातं. मग महापालिकेचं बिल येतं आणि माणूस बिलाकडे नि घराकडे आळीपाळीने बघत बसतो.

दोस्तहो, आपल्यात घोषणा सगळ्यांना पाठ आहेत, बिल वाचता येणारे कमी.

पहिली गोष्ट. घराला तू किती पैसे मोजलेस ह्यावर घरपट्टी ठरतच नाही. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील, ह्याचा महापालिका अंदाज धरते. क्षेत्रफळ किती, बांधकाम कसलं, भाग कुठला, हे बघते. दुरुस्तीचे म्हणून दहा टक्के वजा करते आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्षकर, सरकारचा शिक्षणकर असं सगळं चढवते. मुंबईत २०१० पासून रेडी रेकनरच्या भांडवली मूल्यावर हिशेब आहे. तिथेही तुझ्या खिशातून गेलेली रक्कम कुणी विचारत नाही.

आता तुझं घर स्वस्त का, ते बघ. एकाच कारणाने. कागद नाही. जमीन बिनशेती नाही, नकाशा मंजूर नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. ह्या नसलेल्या कागदामुळे भाव पडतो. पण टेप घेऊन आलेल्या माणसाला कागद दिसत नाही, त्याला स्लॅब दिसतो. आणि दिसलाच कागद, म्हणजे नसलेला, तर त्यात सूट नाही. दंड आहे.

ह्या दंडाचं नाव शास्ती. महापालिका अधिनियमाचं कलम २६७-अ. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अवैध बांधकामाला दरवर्षी घरपट्टीच्या दुप्पट शास्ती. समजा पट्टी तीन हजार. शास्ती सहा हजार. भर नऊ हजार. थकली तर दरमहा दोन टक्के, म्हणजे सालाला चोवीस. गावचा सावकार बरा म्हणायची पाळी! आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की हा कर नि ही शास्ती घेतली म्हणून बांधकाम कायदेशीर झालं असं समजू नये. म्हणजे पैसे घेणार, पावती देणार, पण तुला ओळखणार नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? वतनाची जमीन म्हणजे रात्रंदिवस केलेल्या बिनपगारी चाकरीचा मोबदला. त्या मोबदल्यावरही सरकार जुडी घ्यायचं, वर ती वाढवायचं. १९३९ साली हरेगावच्या परिषदेत बाबासाहेब महार-मांग वतनदारांना घेऊन त्याच जुडीवाढीविरुद्ध उभे राहिले. जुडी गेली, वतन गेलं. बिल राहिलं.

लगेच कुणीतरी पांढरपेशा म्हणेल, अवैध ते अवैध, आम्ही नाही का प्रामाणिकपणे भरत? बरोबर आहे साहेब. पण वैध घर होतं कुठे? ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली इथे कामगारांना परवडणारी घरं द्यायला नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. २०२१ मध्ये प्राधिकरण गुंडाळलं तेव्हा कारखान्यातला कंत्राटी कामगार गुंठ्यातच राहत होता. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, गुंठे मात्र दिवसाढवळ्या विकले गेले. विकणारा, एजंट आणि डोळे मिटून बसलेला अधिकारी, तिघेही शास्तीतून सुटले. जो अवैध बांधील त्याने भरावं, असं कायद्याचं म्हणणं. बिल मात्र राहील त्याच्या नावावर.

लोक रस्त्यावर आले, निवडणुकाही आल्या, तेव्हा सूट मिळत गेली. आधी ६०० चौरस फुटांपर्यंत, मग १००० पर्यंत. मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडची शास्ती पूर्ण माफ झाली, मूळ कर भरण्याच्या अटीवर. फटाके वाजले, फ्लेक्स लागले. पण त्या माफीने कलम रद्द झालं नाही आणि अवैध घर वैध झालं नाही. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. बंगलेवाल्यांची ही गत, तर अर्ध्या गुंठ्याचं काय घेऊन बसलात.

पँथर हे नाव आपण ज्या काळ्या भावांकडून घेतलं, त्यांच्या अमेरिकेतही स्वस्त घराचा असाच सापळा झाला. डेट्रॉईट, बहुसंख्य काळ्यांचं शहर. २००८ च्या मंदीनंतर घरं कवडीमोल झाली. करासाठी घराची किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरू नये, असं मिशिगनची राज्यघटना सांगते. शहराने जुने चढे आकडे तसेच ठेवले. ‘द डेट्रॉईट न्यूज’ने २०२० मध्ये हिशेब मांडला, की २०१० ते २०१६ मध्ये घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा आकारले गेले. तीन वर्षं कर थकला की घर काउंटीच्या लिलावात, आणि तिथे बोली ५०० डॉलरपासूनही सुरू व्हायची. त्यांच्याकडे कागद होता, भाव पडला होता. आपल्याकडे कागदच नाही. बिल दोघांनाही श्रीमंत समजून आलं.

म्हणून बयाणा द्यायच्या आधी मिळकत क्रमांक माग. एजंटच्या मोबाईलमधला फोटो नको, करसंकलन कार्यालयातला उतारा बघ. नाव कुणाचं, बांधकामाची नोंद कधीची, अनधिकृत असा शेरा आहे का, थकबाकी किती. ही थकबाकी जुन्या मालकाबरोबर जात नाही. कायद्याने तिचा पहिला बोजा घरावरच असतो, म्हणजे त्याची उधारी तू विकत घेतोस. आणि ते बिल म्हणजे मालकीचा पुरावा, असं सांगणारा एजंट साला थापा मारतोय.

घर घेऊन झालं असेल तर आकारणीची नोटीस फेकू नका. तिच्यात हरकतीची मुदत असते. पुढे कोर्टात अपील करायचं तर कायदा म्हणतो, वादातली रक्कम आधी भर, मग ऐकू. एकट्याला हे झेपत नाही. गल्लीतली सगळी बिलं गोळा करा, सारख्याच खोल्यांना वेगळी पट्टी लागलीय का ते वहीत मांडा आणि मुदत संपायच्या आत एकाच दिवशी सगळे मिळून कार्यालयात चला. वही दोन प्रतींत करा, एकीवर पोचेचा शिक्का घ्या.