चौकट मोठी करण्यापूर्वी

परिग्रह-परिमाणाचे व्रत घेताना मन उत्साहात असते. त्याची कसोटी पुढे लागते, आणि तीही निरुपयोगी वस्तूंच्या बाबतीत क्वचितच. जी वस्तू खरोखर उपयोगाची वाटते, शिवाय धर्मकार्यालाच हातभार लावील असे भासते, ती नाकारावी की स्वीकारावी, हा निर्णय कठीण असतो. सांगलीच्या परिसरातील एका गावी एका निवृत्त शिक्षकांपुढे हा प्रश्न कॅमेऱ्याच्या रूपाने उभा राहिला.

गावच्या बस्तीतील पूजा-अभिषेकांची आणि तेथील कपाटात जपलेल्या जुन्या पोथ्यांची छायाचित्रे काढणे, हे त्यांचे अनेक वर्षांचे व्रतासारखे काम. दशलक्षण पर्वातील अभिषेकाची मोठी छायाचित्रे छापून ती वार्धक्यामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या चार-पाच वृद्धांना नेऊन द्यायची, हा त्यांचा परिपाठ. मंद दृष्टीच्या त्या माणसांना मोबाइलवरचे चित्र दिसत नाही. भिंतीवरच्या मोठ्या चित्राला मात्र त्यांचे हात आपोआप जोडले जातात.

फिल्मच्या जमान्यात मात्र त्यांनी कॅमेरा हाती धरला नव्हता. फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार होते, हे कळल्यावर त्यांनी तो नाद सोडून दिला होता. डिजिटल तंत्राने ही अडचण दूर केली. तेव्हा त्यांनी लहान सेन्सरचा एक कॅमेरा घेतला, त्याला चामड्याऐवजी कापडी पट्टा लावला आणि व्रताच्या वहीत नोंद केली: ‘कॅमेरा, एक.’

पुण्यात नोकरीस लागलेली त्यांची कन्या गेल्या दिवाळीत घरी आली, ती एक बेत मनाशी ठरवूनच. “अण्णा, गाभाऱ्यातली तुमची चित्रे फार रवाळ येतात. आता फुल-फ्रेम कॅमेरा घेऊ या. माझ्या पगारातून मी देते.” नकार द्यावा तर लेकीचे मन दुखावणार, होकार द्यावा तर वहीतील तो ‘एक’ डोळ्यांपुढे येणार. अण्णांनी दोन्ही टाळले आणि विचारले, “आधी हे फुल-फ्रेम म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ या का?”

या नावाचा उगम फिल्ममध्येच आहे. चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म लहान कॅमेऱ्यात वापरण्याची कल्पना जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी प्रत्यक्षात आणली. त्यांचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट पुढे जगभर रूढ झाली. डिजिटल कॅमेऱ्यांच्या आरंभकाळात एवढा मोठा सेन्सर बनवणे फार महाग पडे. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर थोडेच निघतात आणि एखाद्या सूक्ष्म दोषानेही एक संपूर्ण सेन्सर वाया जातो. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा सेन्सर बसवला जाऊ लागला. पूर्ण चौकटीचा कॅननचा पहिला डिजिटल कॅमेरा २००२ मध्ये आला. २००५ च्या ‘५डी’ने ती चौकट हौशी छायाचित्रकारांच्या जवळ आणली.

पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ लहान सेन्सरच्या सुमारे सव्वादोन ते अडीच पट भरते. तितक्याच वेळात आणि तितक्याच अॅपर्चरला तिच्यावर एकंदर तितका अधिक प्रकाश पडतो. त्यामुळे अंधूक जागी रवाळपणा कमी दिसतो. कन्येचे म्हणणे खरे होते. पण प्रकाश मिळवण्याचे अन्य मार्गही आहेत, आणि हिशेब तेथेच रंजक होतो. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स पुढे ओढली की तिचे अॅपर्चर एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. त्याऐवजी एफ १.८ ची ५० मिलिमीटरची साधी, स्वस्त लेन्स लावली, तर नऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. आणि मूर्तीसारखा अचल विषय असेल, तर तिपाईवर कॅमेरा ठेवून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाऐवजी पूर्ण एक सेकंद प्रकाश घेता येतो. हा लाभ पन्नास पटींचा. गाभाऱ्यात फ्लॅश वर्ज्यच. त्याने ध्यानस्थ श्रावकांचा भंग होतो आणि घोटीव पाषाणावर चकाकीचा डाग उमटतो.

पुढील चार दिवस बापलेकीने एक काम केले. दोन वर्षांतील फसलेली छायाचित्रे संगणकावर काढून प्रत्येकाचे कारण कागदावर लिहिले. कोठे हात हलला होता, कोठे पाठीमागून खिडकीचा उजेड आला होता, कोठे उभे राहण्याची जागाच चुकली होती. पोथ्यांच्या चित्रांत तर कॅमेऱ्याचा काहीच दोष नव्हता. दिवसाच्या मंद उजेडात तिपाईवरून घेतलेली पाने अक्षर न् अक्षर वाचता येत होती. उलट मोठ्या सेन्सरवर, तेवढाच भाग त्याच अॅपर्चरला टिपला असता, स्पष्टतेची खोली कमी होते आणि किंचित फुगलेल्या पानाची कड धूसर होण्याचा संभव वाढतो. त्या यादीच्या शेवटी केवळ एका प्रकारची चित्रे उरली: पंचामृत अभिषेकाची. दुधाची, हळदीच्या पाण्याची धार पडत असते, श्रावकांचे हात हलत असतात. तेथे तिपाई उपयोगी पडत नाही.

म्हणून आरंभी फक्त ती ५० मिलिमीटरची लेन्स घेण्यात आली. कन्येने ती थोड्या नाराजीनेच दिली. पण पुढच्या दशलक्षण पर्वात चित्रे इतकी सुधारली की तिलाही नवल वाटले. तरीही दोन उणिवा राहिल्या. लहान सेन्सरवर त्या लेन्सचे दृश्यक्षेत्र आक्रसते आणि ती सुमारे ७५ मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागते; त्यामुळे दारातून मूर्ती मावे, तर अभिषेक करणारे हात कापले जात. आणि मोठ्या छपाईत सावल्यांतील रवाळपणा अजूनही जाणवे.

तेव्हा शहरातून एक फुल-फ्रेम कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने आणला. तीच लेन्स, तोच उंबरठा, तेच अॅपर्चर. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही चित्रे ठेवली, तर रवाळपणातला फरक ओळखू येईना. बारा बाय अठरा इंचांवर छापली, तेव्हा तो स्पष्ट झाला; शिवाय मूर्ती, धार आणि दोन्ही बाजूंचे हात एकाच चौकटीत, आणि काळोख्या कोपऱ्यातही पाषाणाचा पोत शाबूत. ते चित्र अण्णांनी शेजारच्या गल्लीतील एका वृद्ध मातोश्रींना नेऊन दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हा हात आमच्या थोरल्याचा.” आदल्या वर्षीच्या चित्रात तो हात नव्हता.

निर्णय तेथे झाला. पण वहीतील अंक बदलला नाही. त्याच कंपनीचा, दुसऱ्याने वापरलेला फुल-फ्रेम कॅमेरा पाहून, त्याचे शटर किती वेळा उघडले आहे याची आणि सेन्सरची तपासणी करून घेण्यात आला. ५० मिलिमीटरची लेन्स पूर्ण चौकटीसाठीच घडवलेली असल्याने नव्या कॅमेऱ्यावर तशीच चालली. लहान सेन्सरसाठी केलेल्या लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर एक तर बसत नाहीत, किंवा बसल्या तरी चित्राचा मधलाच भाग हाती येतो आणि चोवीस मेगापिक्सेलचे सुमारे दहा होतात. ही गोष्ट ध्यानी न आल्याने अनेक घरांत एका खरेदीमागून चार खरेद्या होतात. जुना कॅमेरा, जुनी लेन्स आणि तिपाईचे धडे पाठशाळेतील एका होतकरू मुलाकडे गेले. पोथ्यांचे काम आता तो करतो.

नव्या कॅमेऱ्याबरोबर एक जबाबदारीही आली. पावसाळ्यात ओलाव्याने लेन्सच्या आत बुरशी धरते. ती झाल्यावर पुसून काढणे म्हणजे जीवहिंसा. म्हणून अण्णा लेन्स कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात आणि पुड्या वेळोवेळी बदलतात. बुरशी होऊच न देण्यात वस्तूही टिकते आणि दयाही.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे वस्तूवरील ममत्व, असे सांगितले आहे. लेकीने परवा विचारले, “अण्णा, याच्याही पुढचा कॅमेरा निघालाय म्हणे?” अण्णांनी कपाटातून कागद काढला, फसलेल्या चित्रांची नवी यादी त्यावर होती. तिच्यात या वर्षी तीनच नोंदी होत्या, आणि तिन्हींपुढे एकच कारण लिहिलेले होते: ‘हात हलला.’