आईचा डावा डोळा

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, ब्लॉग बंद केलास की काय म्हणून. बंद नाही केला मंडळी. पोळ्यापासून पुणे-वर्धा-पुणे अशा चकरा चालल्यात, आणि जे लिहायचं होतं ते घरचेही वाचतात म्हणून हात धजावत नव्हता. तेव्हा घरच्यांसाठी आधीच सांगून टाकतो, आई ठणठणीत आहे. आणि ताई, तू मध्येच चिडशील हे मला माहीत आहे. पूर्ण वाच, मग फोन कर.

तर झालं असं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. मी म्हटलं, पुण्याला चल, चांगल्या ठिकाणी फेको करू, दुसऱ्या दिवशी टीव्ही बघशील. ती म्हणाली, "मले नाही यायचं पुण्याले. इथं दोन-दोन मेडिकल हायेत, अख्खं गाव तिथंच जाते. मीच कावून पुण्याले जाऊ?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. वर्ध्याएवढ्या लहान जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेजं आहेत. सेवाग्रामचं १९६९ सालचं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा रुग्णालयाला जोडून सुरू केलेलं. तिथली पहिल्या वर्षाची मुलं खेड्यात शिबिराला येऊन राहतात, गाव दत्तक घेतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं सावंगी (मेघे)चं, १९९० सालचं. आमच्या गावातलं कोणीही आजारी पडलं की यांपैकी एकीकडे जातं. आईचं ऑपरेशन कुठे झालं ते मी सांगणार नाही. सांगून उपयोग नाही, कारण मला जे म्हणायचंय ते एका इमारतीबद्दल नाहीच.

ऑपरेशनच्या दिवशी फॉर्मवर सही मी केली. न वाचता. बँकेत नोकरी करणारा माणूस मी, लोकांना 'सही करण्याआधी वाचा' असं दिवसातून दहा वेळा सांगतो!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देत नाहीत. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात, डोळा बधिर होतो, पण माणूस जागा असतो आणि कान उघडे असतात. आईने सगळं ऐकलं. आधी एका मुलीचा आवाज आणि एका मोठ्या डॉक्टरांचा आवाज. ते सांगत होते, ती करत होती. मग मध्येच ते म्हणाले, "थांब. हात एकदम बाहेर काढू नको. मी बसतो." त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई वीस मिनिटांत बाहेर आल्या होत्या. आईला सव्वा तास लागला.

संध्याकाळी वॉर्डात एक मुलगी आली. बारीक चण, डोळ्यांखाली काळं, अॅप्रनच्या खिशात टॉर्च. मला बाहेर बोलावून म्हणाली, "काका, आईंचं ऑपरेशन मी करत होते. भिंगामागचा पडदा फाटला. मग सरांनी पुढचं केलं. लेन्स बसली आहे, पण डोळा निवळायला जास्त दिवस लागतील."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. लाज वाटते. एवढंच सांगतो की 'माझ्या आईवर शिकत होतात का?' हे वाक्य त्यात होतं. तिने मान खाली घातली नाही आणि वादही घातला नाही. म्हणाली, "हो. हे शिकवण्याचं हॉस्पिटल आहे. फॉर्मवर लिहिलेलं असतं." होतंच लिहिलेलं. बारीक अक्षरांत, चौथ्या ओळीत.

पुढच्या दोन महिन्यांत तपासणीच्या निमित्ताने ही मुलगी वारंवार भेटत राहिली. राग ओसरल्यावर मी तिला प्रश्न विचारायला लागलो (मला सवयच आहे), आणि तिला वेळ असला की ती सांगायची. मोतीबिंदू काढला तरी भिंगाची पातळ पिशवी डोळ्यात तशीच ठेवायची असते, नवी लेन्स तिच्यात बसते. त्या पिशवीचा मागचा पडदा मधोमध साधारण चार मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस याच्या पंधरा-वीसपट जाड. माणूस जागा आहे, खोकला येऊ शकतो, आणि मायक्रोस्कोपखाली दोन्ही हातांनी वेगवेगळी कामं करायची, शिवाय दोन्ही पायांखाली पेडल.

हे येतं कसं? खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर आधी हात बसवतात. टोमॅटोच्या सालीवर गोल फाडण्याचा सराव करतात. पण बकऱ्याच्या भिंगाची पिशवी रबरासारखी ताणते, म्हाताऱ्या माणसाची तशी ताणत नाही, त्यामुळे कधीतरी खऱ्या डोळ्यावर यावंच लागतं. पहिलं वर्ष ओपीडी, चष्म्याचे नंबर आणि कागदपत्रं यांतच जातं. मग काही ठिकाणी सर उलटीकडून शिकवतात. ऑपरेशन स्वतः जवळपास संपवायचं आणि शेवटची पायरी विद्यार्थ्याला द्यायची. ती जमली की शेवटच्या दोन. असं करत करत पहिल्या चिरेपर्यंत मागे यायचं. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या बँकेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी काउंटरवर बसवतात!

आईचा डोळा तिचा पूर्ण स्वतः करायला मिळालेला तेविसावा होता. हा आकडा ऐकून मी पुन्हा बिथरलो. ब्रिटनमध्ये नेत्रतज्ज्ञ व्हायला मोतीबिंदूची ३५० ऑपरेशनं करावी लागतात. अमेरिकेत मुख्य सर्जन म्हणून किमान ८६. आपल्याकडे कोणाला किती मिळतील हे कॉलेजवर, विभागप्रमुखावर आणि बऱ्याचदा नशिबावर अवलंबून. मे २०२३च्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेत्रविभागाचे निवासी डॉक्टर संपावर गेले होते, ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. पुरेशा शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत ही त्यांची एक मोठी तक्रार होती. ज्येष्ठांनी आरोप नाकारले, राजीनामे दिले, पेपरांत आठवडाभर गाजलं. तेव्हा चहा पिता पिता ती बातमी वाचून मी म्हटलं होतं, 'बरंच झालं की, शिकाऊ पोरांच्या हाती डोळे देऊ नयेत.' आता तेच वाक्य आठवलं की वाटतं, मग देणार कोणाच्या हाती, आणि कधी?

कारण पुण्यातल्या ज्या डॉक्टरांकडे मी आईला नेणार होतो, त्यांनीही तेविसावा डोळा कुठेतरी केलाच असणार ना. तो कोणाच्या तरी आईचाच असणार, आणि बहुतेक फुकटच्या वॉर्डातला. आपण मध्यमवर्गीय शिकून झालेला हात विकत घेतो. तो हात शिकताना ज्यांचे डोळे लागले त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. मला राग शिकण्याचा नाही. राग याचा आहे की शिकण्याचा सगळा भार एकाच बाजूवर पडतो आणि ते त्यांना धड सांगितलंही जात नाही. चौथी ओळ बारीक अक्षरांत का? मोठ्याने वाचून का दाखवत नाहीत? 'डॉक्टर शिकताहेत, सर शेजारी बसलेले असतील, गरज पडली तर ते हातात घेतील' ही तीन वाक्यं वऱ्हाडीत सांगायला एक मिनिट लागतं. किती लोक नाही म्हणतील? मला वाटतं फार थोडे.

आणि शिकवणं नीट नसेल तर काय होतं याचा हिशोबही आहे. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, ६६.२ टक्के. पण त्याच यादीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधली गुंतागुंत हे कारणही आहे, ७.२ टक्के! म्हणजे जो इलाज, त्याच्याच चुकीने गेलेली नजर. बकऱ्याच्या डोळ्यांवर किती तास घालवले आणि शेजारी बसणारे सर खरोखर बसतात का, हे प्रश्न म्हणून फक्त कॉलेजचे राहत नाहीत.

आता संशोधनाचं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली.

आई त्या मुलीच्या थीसिसमध्ये होती. एमएसच्या तीन वर्षांत प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. तिचा विषय असा की या टाके न घालण्याच्या ऑपरेशनला सहा-सात मिलिमीटरची चीर द्यावी लागते, ती वरच्या बाजूला दिली तर चष्म्याचा तिरका नंबर किती येतो आणि कानाकडच्या बाजूला दिली तर किती. मी विचारलं, उत्तर माहीत नाही का कोणाला? ती हसली. "माहीत आहे काका. कानाकडून दिली तर कमी येतो. कितीतरी कॉलेजांत हे झालंय." मग पुन्हा का? कारण विषय ठरवायला थोडेच महिने, पेशंट भरपूर, उपकरण हाताशी, आणि दीड वर्षात संपतो. शिवाय २०२३च्या नियमांप्रमाणे परिषदेत पोस्टर किंवा पेपर सादर करणं, नाहीतर जर्नलमध्ये छापणं, यांतलं काहीतरी करायलाच लागतं. पैसे घेऊन छापणारी जर्नलं बाजारात आहेतच.

आणि पुढची गंमत ऐका. गुंतागुंत झाली म्हणून आई थीसिसमधून बाद झाली. नियमच तसा, पडदा फाटलेले डोळे मोजायचे नाहीत. सहाव्या आठवड्याला जे परत येत नाहीत तेही गळतात. म्हणजे ज्या डोळ्याने त्या मुलीला सगळ्यात जास्त शिकवलं तो हिशोबात नाही. आणि कापूस वेचणीची रोजी बुडते, भाडं परवडत नाही म्हणून जी बाई तपासणीला आली नाही, तीही नाही. राहिले ते सरळ, सोपे, वेळेवर येणारे डोळे. या जिल्ह्याचं खरं दुखणं नेमकं गाळलेल्या पानांवर राहतं, असं मला आपलं वाटतं. तज्ज्ञ मंडळींनी खुशाल कान धरावेत.

तिला मी विचारलं, तुला मोकळीक असती तर काय शोधलं असतंस? जरा विचार करून म्हणाली, बुबुळाच्या जखमा. पऱ्हाटीची काडी लागते, तुरीच्या मळणीत कचरा उडतो, डोळ्यात बुरशी शिरते. माणूस आधी मेडिकलवाल्याकडून ड्रॉप आणतो, त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं, त्याने लाली उतरते आणि बुरशी वाढते. दवाखान्यात येईपर्यंत बुबुळ पांढरं झालेलं असतं. जखम होण्यापासून इथे पोचेपर्यंत किती दिवस जातात, आधी कुठे कुठे थांबतो माणूस, हे गावोगाव जाऊन विचारायचं. "मग केलं का नाहीस?" "ड्युटी सोडून गावोगाव कोण जाऊ देणार काका?"

आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं या मुलांना सक्तीचं केलंय. तिथे रुग्ण मोजण्यापलीकडे असा एखादा प्रश्न विचारायला लावला तर? आणि पंधरा कॉलेजांनी पंधरा वेळा तीच चीर मोजण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून एक काम केलं तर? मला उगाच शहाणपण शिकवायचं नाही. पण त्या मुलीने हे सांगताना तिचा चेहरा जसा उजळला होता तसा थीसिसबद्दल बोलताना एकदाही उजळला नाही.

आमच्या आजोबांचं ऑपरेशन शाळेतल्या शिबिरात झालं होतं. आख्खं भिंग काढलं, आत काही बसवलं नाही, आणि मरेपर्यंत सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आईला ते चांगलं आठवतं. तिचा उजवा डोळा आता चष्म्यासह ६/१२ आहे. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून कुरकुरते, पण मोबाईलवर माझा फोन आलेला नाव वाचून उचलते.

प्रश्न डाव्याचा होता. मी पुन्हा पुण्याचा विषय काढला. आई म्हणाली, "थ्या पोट्टीलेच करू दे." मला वाटलं थट्टा करतेय. "तिले आता समजलं ना काय होते थे. पयली भाकर कोनाची गोल झाली रे?" मी म्हटलं, आई, भाकर कुत्र्याला टाकता येते. त्यावर ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मले म्हाईत हाय. डोया माहाच हाय."

या वेळी मी फॉर्म वाचला. मोठ्याने, आईला ऐकू जाईल असा. किती झाले आत्तापर्यंत, हे त्या मुलीला तोंडावर विचारलं. एकशे चार. त्यांतले किती बिघडले? पाच, आई धरून. शेजारी कोण बसणार, त्या सरांचं नाव विचारलं आणि त्यांना भेटूनही आलो. ते म्हणाले, असं कोणी विचारत नाही. सही आईने स्वतः केली, वाकडीतिकडी, रेघेच्या खाली.

ताई, सोमवारी सकाळी आठला ओटी आहे. मी शनिवारी रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतोय. तुला यायचं असेल तर ये, भांडायचं असेल तरी ये. येताना तीळ आण, आईला त्या मुलीसाठी लाडू करायचेत. मी ऑपरेशन झाल्यावर कर म्हटलं, ऐकत नाहीये.